कल्पना आहे, प्रयोगशाळा नाही

प्रश्न : माझी मुलगी गावच्या शाळेत आठवीत आहे. कापूस वेचताना झोळीचं ओझं आजीच्या मानेवर येतं, म्हणून तिने वेगळ्या पट्ट्यांची पिशवी सुचवली आहे. शाळेत प्रयोगशाळा नाही. ही कल्पना कुठे पाठवता येईल?
– एक पालक, यवतमाळ

उत्तर : ताई, ‘इन्स्पायर अवॉर्ड्स-मानक’ ही योजना अशाच मुलांसाठी आहे. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग व नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ती राबवतात. पालकांना थेट अर्ज करता येत नाही. शाळा ऑनलाइन नामांकन करते. म्हणून आधी मुख्याध्यापक आणि विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. मुदत आणि कागदपत्रांची माहिती तिथेच मिळेल.

या टप्प्यावर यंत्र लागत नाही, कल्पना लागते. अडचण कोणाची, आज ती कशी भागवतात आणि नवा उपाय नेमका काय, हे मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावं, सोबत आकृती काढावी. पुस्तकातला ज्वालामुखी किंवा इंटरनेटवरून उचललेला प्रकल्प इथे टिकत नाही.

निवड झाली, तर नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर प्रदर्शनं होतात.

तोवर जुन्या गोणपाटाची पिशवी शिवून आजीला वापरायला द्या. पट्टा कुठे काचतो, कापूस टाकताना हात अडतो का, हे मुलीने वहीत टिपावं. वाक्यं तिचीच राहू द्या. मोठ्यांनी ती सजवू नयेत. निवड झाली नाही, तरी आजीचं दुखणं पाहून उपाय शोधणारी ही नजर जपा.