पत्त्यांची विद्या : कुरियरच्या टेबलापासून संगणकाच्या जाळ्यापर्यंत

"मराठी घेऊन बी. ए. केलंत आणि काम नेटवर्किंगचं? हे जमलं कसं?" हा प्रश्न मला आमच्या सरांपासून शेजारच्या काकांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्यात कौतुक असते, तशी थोडी शंकाही असते. बी. ए. झाल्यावर तीन वर्षे मी एका कुरियर कार्यालयात पाकिटांचे सॉर्टिंग करीत होतो. गेली दोन वर्षे नेटवर्क तंत्रज्ञ म्हणून काम करतो आणि नोकरी सांभाळून याच महाविद्यालयात एम. ए. करीत आहे. या बदलात जे उमगले ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाचे जाळे ही मुळात पत्त्यांची विद्या आहे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पिनकोडाच्या सहा आकड्यांपैकी पहिले तीन पाकीट कोणत्या विभागात जायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय सांगतात. ४११ दिसले की पाकीट पुण्याच्या थैलीत आणि ४०३ दिसले की गोव्याच्या! पुढचे आकडे मी वाचतही नसे. ते काम तिकडच्या माणसाचे.

राऊटर नावाचे यंत्र नेमके हेच करते. संगणकाचा आय. पी. पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२५, हा ३२ बिटांचा असतो. त्याचा पुढचा भाग जाळ्याचा, मागचा त्या जाळ्यातील यंत्राचा. राऊटर पुढचा भाग पाहून पाकीट योग्य दिशेला सोडतो. मात्र पिनकोडात तीन आकड्यांनंतरची सीमा पक्की आहे, तर आय. पी. पत्त्यात ती सरकवता येते. ती कोठे आहे हे 'सबनेट मास्क' सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिल्या तीन संख्या जाळ्याच्या आणि शेवटची यंत्राची. त्या जाळ्यात एकूण २५६ पत्ते. पैकी पहिला जाळ्याचा स्वतःचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, उरले २५४. हीच सीमा दोन बिटांनी पुढे सरकवली की ६४ पत्त्यांचे चार भाग पडतात आणि प्रत्येकात ६२ यंत्रे बसतात. कार्यालयाचा हिशेब विभाग आणि पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवायचे, ते अशा रीतीने. हे गणित मला तीन आठवडे समजले नाही. अखेरीस पाठकोऱ्या कागदांवर रोज दहा उदाहरणे सोडवली, तेव्हा ते हातात बसले.

पण विद्या समजणे वेगळे आणि नोकरी सोडणे वेगळे. आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." धाकट्या बहिणीची फी भरायची होती. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक टाकला. दिवसा कुरियर, रात्री 'पॅकेट ट्रेसर' या मोफत प्रणालीवर खोटी जाळी उभारण्याचा सराव. सी. सी. एन. ए. या परीक्षेला कोणत्याही पदवीची अट नाही, हे कळल्यावर धीर आला. पहिल्या खेपेस नापास झालो, दुसऱ्या खेपेस पास. त्यानंतर मिळालेली नोकरी केबल ओढणाऱ्या ठेकेदाराकडची होती, आणि पगार पूर्वीपेक्षा तीन हजारांनी कमी.

तेथे आठ तारांचा क्रम बोटांना शिकवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तांब्याची अशी केबल १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये, हेही तेथेच कळले. आणि एक चूकही केली. एका कार्यालयात घाईघाईत एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली. सर्वांना उद्देशून निघालेला संदेश त्या फेऱ्यात सापडला, त्याच्या प्रती वाढत गेल्या आणि सारे कार्यालय ठप्प झाले. पाऊण तास मी घाम पुसत होतो. नोकरी जाते असे वाटले. साहेबांकडे चूक कबूल केली, म्हणून ती टिकली.

त्या रात्री शोधले, तेव्हा रेडिया पर्लमन या विदुषीची ओळख झाली. असा फेरा आपोआप तोडणारी 'स्पॅनिंग ट्री' पद्धत त्यांनी शोधली, आणि १९८५ मधील आपल्या शोधनिबंधात ती समजावण्यासाठी एक छोटी कविताही लिहिली! आमच्या त्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय नव्हती. चांगल्या स्विचमध्ये असते.

तेव्हापासून बिघाड शोधताना मी खालून वर जातो. प्रथम तार आणि स्विचवरचा दिवा, मग यंत्राला पत्ता मिळाला आहे का, मग दारातला राऊटर उत्तर देतो का, मग बाहेरचे जग, आणि शेवटी नावाचा पत्ता करून देणारी डी. एन. एस. ही व्यवस्था. उत्तर येते का हे पाहण्याची 'पिंग' ही आज्ञा माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. आजही दिवसाची सुरुवात तिच्यानेच होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे.

मित्रहो, मराठीच्या अभ्यासाने मला नेटवर्किंग शिकवले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सावकाश वाचण्याची आणि नीट लिहिण्याची सवय त्यानेच लावली. सॉर्टिंगच्या टेबलाने पत्ता नीट पाहिल्याशिवाय पाकीट न सोडण्याची शिस्त दिली. जुने काम सोडताना त्यातली शिस्त मागे टाकू नये. नव्या कामात पहिली दोन वर्षे पगार कमी आणि पायऱ्या जास्त असतात, एवढी मनाची तयारी मात्र हवी.

या दिवाळीत आईने घरच्या वायफायचा दिवा लाल झालेला पाहून मला हाक मारली नाही. तिने आधी तार तपासली.