जुन्या चामडी वस्तूंची निगा

कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात. हिरडा आपल्या बालाघाटच्या जंगलातही होतो. अशा कातड्याचे शत्रू दोन : ओल आणि कडक ऊन. पावसाळ्यात वाडवडिलांच्या वहाणांवर, बॅगांवर बुरशी धरते. ती घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावी. वस्तू सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. उन्हात अगर चुलीजवळ कातडे आकसून तडकते व पुन्हा सांधत नाही. पूर्ण वाळल्यावरच एरंडेलाचा पातळ हात फिरवून उरलेले तेल टिपावे. जुन्या वहीच्या चामडी पुठ्ठ्याची तांबडी भुकटी निघत असेल, तर मात्र तेलपाणी लावू नये; सुती कापडात गुंडाळावी. दर दिवाळीस आपण सर्वांनी ह्या वस्तू उघडून पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो.