रात्रीच्या ताटाच्या मधोमध मसूर

‘रात्री काय जेवता?’ हा प्रश्न मी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटला विचारते. नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारलं की खरं उत्तर मिळतं. मागच्या महिन्यात असंच एक पस्तिशीतलं जोडपं आलं होतं, दोघंही नोकरी करणारे. तो म्हणाला, ‘घरचंच, भाजी-पोळी.’ ती लगेच म्हणाली, ‘पोळ्यांच्या मावशी येतात त्या दिवशी. एरवी पार्सल.’ घरी पोचायला साडेआठ, जेवायला दहा, अकराला अंथरुणात. त्याचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, तिची साखर अगदी काठावर. मेडिटेरेनियन आहार हृदयाला चांगला असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून आठवड्यातून दोनदा व्हाइट सॉसचा पास्ता सुरू केला होता. हेतू चांगला होता, पण पदार्थ चुकला होता.

ज्या आहाराची कीर्ती झाली तो भूमध्य समुद्राकाठच्या कष्टकऱ्यांचा आहार. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांत अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी लक्षात राहण्यासारखे निघाले: जेवणातल्या ऊर्जेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग स्निग्ध पदार्थांतून, मुख्यतः ऑलिव्हच्या तेलातून येणारा, तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू अगदी कमी. त्यांच्या ताटात कडधान्यं, रानभाज्या, जवाचा पाव, फळं आणि ऑलिव्हचं तेल असायचं. मासे अधूनमधून, मटण सणावाराला. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासात मांस आणि दूधदुभतं वर्ज्य, त्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस कडधान्यांवरच निघायचे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: त्या ताटात कडधान्य आणि भाजी मधोमध असते, पाव कडेला असतो. आपल्याकडे तीन पोळ्या किंवा भाताचा डोंगर मधोमध असतो आणि उसळ वाटीत. ही अदलाबदल केली तरी निम्मं काम झालं.

थकून घरी आल्यावर सहज जमेल असा पदार्थ म्हणजे ग्रीकांचं ‘फाकेस’, म्हणजे चक्क अख्खा मसूर. कराड-कोल्हापूरच्या वाटेवरच्या ढाब्यांवर आपण तो तर्रीदार खातो. ग्रीक घरांत तो पातळसर आणि साधा असतो. मसूर भिजवावा लागत नाही, ही नोकरदारांसाठी मोठी सोय. दोघांना दीडशे ग्रॅम मसूर धुऊन घ्या. त्यात एक चिरलेला कांदा, चार लसूण पाकळ्या, एक गाजर, दोन टोमॅटो, तमालपत्र, थोडं मीठ आणि तिप्पट पाणी घाला. ग्रीकांचं तमालपत्र वेगळ्या झाडाचं असतं, पण आपलंही छान लागतं. फोडणी नाही, परतणं नाही. कुकरला तीन शिट्ट्या. चिरायला दहा मिनिटं लागतात, पुढचं काम कुकर करतो. वाफ जिरल्यावर वरून दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि एक चमचा व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. खरं तर लिंबूच बरं, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मसुरातलं लोह अंगी लागतं. माणशी पंधरा-अठरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत काकडी-टोमॅटो आणि एक ज्वारीची भाकरी पुरते. भाकरी सकाळची असेल तर क्रीटमधल्या ‘डाकोस’सारखं करून पाहा. तिथे जवाचा कडक पाव ओलसर करून त्यावर किसलेला टोमॅटो आणि तेल घालतात. शिळी भाकरीही अशी फार चवदार लागते.

आणि हे काम जो आधी घरी पोचेल त्याने करायचं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर नोकरी करून वर स्वयंपाकाचं ओझं एकट्या वाहतात, आणि तेही आजाराचं कारण आहे असं मी नवऱ्यासमोर स्पष्ट सांगते. कुकर लावायला कुणालाही येतं.

दुसरा प्रकार ‘लादेरा’, म्हणजे तेलात आणि टोमॅटोच्या रसात मऊ शिजवलेल्या भाज्या. त्यात फरसबी असते, वांगं असतं, आपली भेंडीसुद्धा असते. ग्रीक लोक त्या कोमट, अनेकदा दुसऱ्या दिवशीही खातात. म्हणून सोमवारी दुप्पट करून फ्रिजमध्ये ठेवली की मंगळवारची सोय होते. शनिवारी रात्री पाव किलो काबुली चणे भिजत घालून रविवारी उकडून ठेवा. स्पेनमध्ये करतात तसे ते पालक, लसूण आणि जिऱ्याबरोबर पंधरा मिनिटांत होतात. तीन दिवसांत संपणार नसतील ते फ्रीझरमध्ये टाका. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा आणावा. लिंबू, लसूण, मीठ लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा. रव्यात घोळवून तळू नका. ओमेगा-3 साठी महागडा परदेशी सामन आणायची गरज नाही.

तेलाबद्दल मला रोज विचारतात. बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असेल तेच घ्या. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल उरलेल्या चोथ्यातून रसायनाच्या मदतीने काढतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. स्पेनमधला प्रेडिमेड हा मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. गट पाडण्याच्या पद्धतीत दोष निघाल्यामुळे तो मागे घेऊन 2018 मध्ये पुन्हा तपासून छापला, तरी निष्कर्ष तोच राहिला: हे तेल किंवा सुकामेवा भरपूर घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे झटके सुमारे तीस टक्क्यांनी कमी. मात्र एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. तूप, लोणी, तळण तसंच ठेवून वर हे तेल ओतलं तर वजनच वाढेल. ज्यांना ते परवडत नाही त्यांना मी शेंगदाण्याचं तेल मोजून वापरायला सांगते. ऑलिव्हमधले खास घटक त्यात नाहीत, पण उसळ, भाजी आणि माशांचा फायदा तेलावाचून थांबत नाही.

त्याच अभ्यासात एका गटाला रोज तीस ग्रॅम सुकामेवा दिला होता: अक्रोड, बदाम, हेझलनट. तेवढे अक्रोड-बदाम, खारवलेले नव्हेत, ऑफिसात संध्याकाळी सहा वाजता खा. घरी पोचेपर्यंत पोटात आग पडत नाही आणि पार्सलच्या अॅपकडे बोट जात नाही.

वाइनबद्दल तरुण जोडपी हमखास विचारतात. पीत नसाल तर आरोग्यासाठी म्हणून सुरू करू नका. रक्तदाब असेल तर बरणीतले ऑलिव्ह आणि फेटा चीज चवीपुरतंच घ्या, दोन्हींत मीठ भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी कडधान्य आणि टोमॅटो वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नाही, पण आज जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असंही करायचं नाही. प्रमाण सारखं ठेवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आणखी काळजी घ्या. रात्रीचा भात, पोळ्या एकदम निम्म्यावर आल्या आणि औषध तेवढंच राहिलं तर झोपेत साखर उतरू शकते. म्हणून ताट बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना फोन करा आणि पहिले आठ दिवस जेवणाआधी आणि झोपताना साखर मोजून लिहून ठेवा. रात्री घाम फुटला, हात थरथरले किंवा सकाळी डोकं जड वाटलं, तर वेळेसह तेही त्याच कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवायला या.