वसंतसंपात आणि चैत्रारंभ

चैत्रात दर्शनास येणारे अनेक भाविक पृच्छा करतात की, दिवस-रात्र समान होण्याचा दिवस आणि वर्षप्रतिपदा एकाच दिवशी का येत नाहीत? पंचांग चुकते काय? या शंकेचे निरसन व्हावे म्हणून ही संक्षिप्त माहिती देत आहोत.

दरवर्षी २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकतो. हाच वसंतसंपात होय. या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो. देवालयाच्या मुखाची दिशा पडताळण्यास याहून उत्तम दिवस नाही.

पाडवा मात्र चंद्राच्या गतीवर अवलंबून असतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे २०२४ साली ९ एप्रिलला आलेला पाडवा २०२५ साली ३० मार्चला व २०२६ साली १९ मार्चला आला. ही तूट अधिक मासाने भरून निघते व सण ऋतूंना धरून राहतात. अर्थात पंचांग चुकत नाही. मोजण्याची मापे दोन आहेत, इतकेच. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पंचांगात मात्र १ चैत्र हा संपातास धरून २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) येतो.

ऋतुबदलाची जाण आपल्या आचारांतही आहे. पाडव्यास कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, जिरे, हिंग घालून प्रसाद म्हणून भक्षण करतात. पंढरपुरास पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत श्रीविठ्ठल-रुक्मिणीस शीतल चंदनउटी लावतात. शिवालयांत पिंडीवर गळती बांधतात. घरोघरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीची डाळ व पन्हे देतात, तर रस्तोरस्ती पाणपोया सुरू होतात. देवास थंडावा अर्पण करावा आणि तोच तहानलेल्यासही द्यावा, असा हा धर्म आहे.

तो स्वतःच्या देहाविषयीही पाळावा. भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा टाळावी, उपवास असल्यास पाणी वर्ज्य करू नये, आणि रांगेतील वृद्ध, गर्भवती व बालके यांना सावलीची जागा प्रथम द्यावी, ही सर्व भाविकांस नम्र विनंती.