ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय : इतिहास, प्रतिष्ठा आणि वैद्यांसाठी बोध

वैद्यकीय शिक्षणसंस्थेची प्रतिष्ठा कशावर मोजावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दांडी, उच्छेळी, नवापूर, तारापूर या आमच्या पट्ट्यातील पालक अलीकडे मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात पाठवावे काय, असे आम्हांस विचारतात. त्या वेळी ‘विद्यापीठ फार जुने आहे’ हा मुद्दा हटकून पुढे येतो. संस्थेचे वय हा प्रतिष्ठेचा एक घटक आहे खरा. परंतु तो पुरेसा आहे काय, याचा विचार आपल्याच मुंबईतील एका जुन्या संस्थेच्या आधारे करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मॉस्कोचे उदाहरण

मॉस्को विद्यापीठाची स्थापना १७५५ मध्ये झाली आणि १७५८ मध्ये तेथे वैद्यकाचे अध्यापन सुरू झाले. आरंभीचे अध्यापक बहुतांशी जर्मन व शिक्षणाची भाषा लॅटिन होती. सेम्योन झिबेलिन या रशियन प्राध्यापकांनी १७६८ च्या सुमारास मातृभाषेत व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. १९३० मध्ये ही विद्याशाखा स्वतंत्र संस्था झाली आणि १९५५ मध्ये तिला शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव्ह यांचे नाव देण्यात आले. परकीय अध्यापकांकडून घेतलेली विद्या रशियाने पुढे आपल्या भाषेत रुजविली, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

मुंबईतील पूर्वपीठिका

मुंबईत क्रम नेमका उलटा झाला. १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली येथे एक वैद्यकशाळा निघाली. तिच्यात मराठी, गुजराती व हिंदुस्थानी भाषांतून शिक्षण दिले जाई आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे केली जात. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ही शाळा बंद करण्यात आली. देशी भाषेतून आधुनिक वैद्यक शिकविण्याचा मुंबई इलाख्यातील हा पहिला प्रयत्न तेथेच संपला.

पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. इलाख्यात देशी वैद्य कोण आहेत, ते काय जाणतात व कसे शिकतात, याची जिल्हावार पाहणी मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीमार्फत करण्यात आली. तिची मुख्य धुरा डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी वाहिली. आपल्या पूर्वजांचा व्यवसाय प्रथमच परक्या नजरेखाली तपासला गेला, त्यावर अभिप्राय लिहिले गेले आणि त्या अभिप्रायांवरून निर्णय झाले. वैद्यांच्या बाजूने मात्र तशी व्यवस्थित लेखी मांडणी पुढे आली नाही.

स्थापना

१८३८ मध्ये सर रॉबर्ट ग्रँट यांचे निधन झाले व त्यांच्या स्मरणार्थ महाविद्यालय उभारण्याचे ठरले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४३ मध्ये कोनशिला बसली. १८४५ मध्ये प्रथम जे. जे. रुग्णालय आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाविद्यालय सुरू झाले. कोलकाता व मद्रास येथील १८३५ च्या संस्थांनंतरचे हे महत्त्वाचे केंद्र होय. डॉ. मोरहेड पहिले प्राचार्य झाले. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात असल्यामुळे विद्यार्थी पहिल्यापासून रुग्णशय्येशेजारी शिकले.

मोरहेड यांनी भारतातील रोगांविषयीचा आपला मोठा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा पाया मुंबईतील रुग्णालयांत ठेवलेल्या रुग्णनोंदींचा होता. आमच्या मते ग्रँटच्या प्रतिष्ठेचा खरा आरंभ येथे आहे. इमारत दानाने उभी राहते. प्रतिष्ठा मात्र जपून ठेवलेल्या नोंदींतून उभी राहते.

पहिले पदवीधर आणि आयुर्वेद

१८५१ मध्ये आठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, तसेच पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना करणारे आत्माराम पांडुरंगही होते. इंग्रजी वैद्यकात तयार झालेल्या या पिढीने देशी औषधांकडे पाठ फिरविली नाही, हे आपण विशेष लक्षात घेतले पाहिजे.

डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हे मुंबई विद्यापीठाचे एम.डी. होते. अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरा टीकेसह अष्टांगहृदयाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८८० मध्ये निघाली. आपण पदवी अभ्यासक्रमात वाग्भट छापील स्वरूपात वाचू शकलो, त्यामागे या आवृत्तीचे ऋण आहे. ग्रँटमध्ये अध्यापन केलेले डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधिद्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. कोणते द्रव्य कोणत्या नावाने विकले जाते आणि ते प्रत्यक्षात कोणत्या वनस्पतीचे असते, हा प्रश्न आजही प्रत्येक औषधी दुकानदारापुढे उभा असतो.

भाऊ दाजींचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. हेच तुवरक. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, तेराव्या अध्यायात, त्याचे वर्णन आले असून हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या प्रदेशात होतो, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आपल्याच कोकणपट्टीचे हे द्रव्य. भाऊ दाजींच्या उपचारांची ख्याती दूरवर पसरली. परंतु औषधाची कृती व रुग्णांचे सविस्तर निष्कर्ष त्यांनी हयातीत प्रसिद्ध केले नाहीत. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे याच वर्गातील तेलांवर कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स आणि हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल यांनी काम केले. १९४१ मध्ये सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर जगभर हीच तेले मुख्य औषध म्हणून वापरात होती. त्या इतिहासात भाऊ दाजींचे नाव क्वचितच घेतले जाते. ज्ञान होते, अनुभव होता, रुग्णही होते. प्रसिद्ध झालेला लेख तेवढा नव्हता.

याच औषधाच्या कथेत औषधी दुकानदारांसाठीही धडा आहे. चालमोगऱ्याचे तेल जायनोकार्डिया ओडोराटा या झाडाचे असते, असा समज कित्येक दशके रूढ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो चुकीचा ठरला. खरे बी दुसऱ्याच वृक्षाचे निघाले. द्रव्याची ओळख चुकली की उत्तम योगही निष्फळ ठरतो.

प्लेगचे वर्ष

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयातच आपली छोटी प्रयोगशाळा थाटली. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले हाफकिन तेथील विद्यापीठात मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील आजची हाफकिन संस्था याच कामातून वाढली. रशियातील विद्यापीठ आणि मुंबईचे महाविद्यालय यांचा असा संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो.

मान्यतेचा प्रश्न

प्रतिष्ठेला कायद्याचीही जोड लागते. १९१२ च्या मुंबई वैद्यक नोंदणी कायद्याने ग्रँटच्या पदवीधरांना नोंदवहीत स्थान मिळाले. वैद्यांच्या नोंदणीची तरतूद १९३८ च्या कायद्याने झाली. म्हणजे मध्ये सव्वीस वर्षे गेली. दरम्यान १९३० मध्ये ब्रिटिश वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा ग्रँटसारख्या संस्थेलाही आपली मान्यता दुसऱ्याच्या हाती असल्याचा अनुभव आला. त्यानंतर १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला. १९९८ मध्ये नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ग्रँटचा एम.बी.बी.एस. व आपला बी.ए.एम.एस. या एकाच विद्यापीठाच्या पदव्या झाल्या. कागदोपत्री अंतर मिटले आहे. नोंदींच्या बाबतीत मात्र ते पुष्कळ शिल्लक आहे, हे मान्य करावे लागेल.

आपण काय करावे

औद्योगिक वसाहतीतील कामगारांचे त्वग्विकार, मच्छीमार बांधवांचे संधिवात व कटिशूल, भातलावणीच्या दिवसांतील पायांच्या चिखल्या : हे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाकडे येतात व बरे होऊन जातात. त्यांची नोंद कोठे आहे? यास्तव आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

१) प्रत्येक रुग्णाचे प्रकृती, निदान, योग, मात्रा, अनुपान व परिणाम दर्शविणारे पत्रक ठेवावे. उपशय न मिळालेल्या रुग्णांचीही नोंद तितक्याच काळजीने करावी.

२) औषधी दुकानदारांनी प्रत्येक द्रव्याचे शास्त्रीय नाव, खरेदीचे ठिकाण व संग्रहाचा काळ नोंदवहीत लिहावा. संशयास्पद द्रव्याचा नमुना वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घ्यावा.

३) गुणकारी ठरलेला योग गुप्त ठेवू नये. एकाच विकाराचे दहा-वीस रुग्ण पूर्ण झाले की रुग्णाची ओळख उघड न करता ते वृत्त प्रसिद्धीस द्यावे.

संस्था जुनी असणे हा भाग्याचा भाग आहे. आपले शास्त्र तर कोणत्याही विद्यापीठाहून जुने आहे. केवळ त्या बळावर प्रतिष्ठा टिकली असती, तर आपल्याला मान्यतेसाठी इतकी वर्षे थांबावे लागले नसते. तुवरकाचा वृक्ष आपल्या किनाऱ्याचा आणि त्याचा पाठ आपल्या संहितेचा. तरी त्याचे श्रेय इतरत्र गेले. पुढील द्रव्याच्या बाबतीत तसे होऊ नये, ही जबाबदारी आपल्या रोजच्या रुग्णपत्रकापासून सुरू होते.