घरातील अवजड अडगळ आणि तिची विल्हेवाट

ओला कचरा आणि सुका कचरा हे शब्द आता महाराष्ट्रातील लहान गावांतही रुळले आहेत. सकाळी घंटागाडी येते, डबे रिकामे होतात आणि घरातील केराचा विषय त्या दिवसापुरता मिटतो. परंतु ज्या दिवशी घरात नवी गादी किंवा नवा सोफा येतो, त्या दिवशी जुन्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला घंटागाडीपाशी उत्तर नसते. गादी तिच्यात मावत नाही. मावली तरी स्प्रिंग किंवा फोम असलेली गादी दाबून लहान होत नाही. दाब निघताच ती पुन्हा फुगते. मग ती काही महिने जिन्याखाली राहते, तेथून गच्चीवर जाते आणि अखेर एखाद्या रात्री नाल्याच्या काठावर किंवा गावाबाहेरच्या वळणावर जाऊन पडते. हे सर्वांना माहीत असते. मात्र कोणी कोणाला टाकताना पाहिलेले नसते.

या विषयात शिरण्यापूर्वी शब्दांचा एक घोळ दूर केलेला बरा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी दररोज सरासरी शंभर किलोग्रॅमहून अधिक कचरा निर्माण करणारी वसाहत, हॉटेल अथवा कार्यालय यांना मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे म्हणून वेगळी जबाबदारी दिली. तो प्रश्न कचऱ्याच्या वजनाचा होता. येथे विचार करावयाचा आहे तो एकेका वस्तूच्या आकाराचा. वर्षभरात एकच गादी टाकणारे दोन खोल्यांचे कुटुंबही या दुसऱ्या प्रश्नात येते.

जुने व्यवहार आणि नव्या वस्तू

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. याचे कारण लोक अधिक शिस्तीचे होते असे नव्हे. घरात ज्या वस्तू होत्या, त्यांतील प्रत्येकीला दुसरा जन्म होता. कापसाची गादी दबून कठीण झाली की पिंजारी दारी येई, खोळ उसवून कापूस पिंजून देई आणि तीच गादी पुन्हा भरली जाई. फुटकी तांब्यापितळेची भांडी मोडीत जात व त्यांची किंमत नव्या भांड्यांतून वजा होई. जुनी लुगडी बोहारणीच्या टोपलीत जात आणि त्यांच्या बदल्यात भांडे येई. सागवानी पलंगाचा पाय मोडला तर सुतार नवा बसवी. पलंग अगदीच निकामी झाला तर त्याच्या फळ्यांचे कपाट किंवा पाट होत. लोखंडी खाट आणि पत्र्याची पेटी आजही भंगारवाला तोलून नेतो. टाकलेल्या वस्तूला दाराशीच किंमत मिळत असे, म्हणून ती रस्त्यावर जात नसे.

फोमची गादी पिंजता येत नाही. लाकडाचा भुसा किंवा तंतू डिंकासारख्या रसायनाने दाबून बनविलेल्या फळ्यांचे फर्निचर एकदा पाण्याने फुगले की सुताराच्या हाती लागत नाही, कारण त्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. कृत्रिम चामड्याचा सोफा फाटला की त्याचे कापड, फोम, खिळे आणि हलके लाकूड एकमेकांना इतके चिकटलेले असते की ते वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीहून अधिक पडते. भंगारवाला या वस्तूंकडे पाहतो आणि पुढे जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्या वस्तूतून दोन पैसे सुटत नाहीत ती वाहून नेणे हा त्याचा धर्म नव्हे. नेमक्या याच टप्प्यावर, म्हणजे बाजार जेथे थांबतो तेथे, स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम सुरू होते.

टोकियोतील पद्धत

घराबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलेली मोठी वस्तू नगरपालिकेने उचलून नेण्याची पद्धत अनेक देशांत आहे. त्यांपैकी टोकियोचे उदाहरण आपल्याकडील वाचकाला विशेष उपयोगी वाटेल, कारण दाट वस्ती आणि अपुरी जागा या दोन्ही अडचणी तेथेही आहेत.

ही व्यवस्था सुखासुखी उभी राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळात टोकियोतील घरोघरी नव्या वस्तू आल्या आणि त्याबरोबर कचराही अफाट वाढला. शहराचा बराचसा कचरा कोतो या प्रभागाच्या किनाऱ्यालगत समुद्रात भर घालण्यासाठी नेला जाई. तेथील एका भरावाचे नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचे बेट. १९६५ मध्ये त्या बेटावरून माश्यांचे थवे वस्तीत शिरले, तेव्हा नावातील विसंगती सर्वांच्याच लक्षात आली असेल. सप्टेंबर १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्योकिची यांनी कचऱ्याविरुद्ध युद्ध घोषित केले. सुगिनामी या प्रभागातील रहिवासी आपल्या भागात कचरा जाळण्याचा कारखाना होऊ देईनात. आमच्याच दारात सगळ्यांचा कचरा का, असा कोतोच्या लोकांचा सवाल होता. मे १९७३ मध्ये त्यांनी सुगिनामीहून येणाऱ्या कचरागाड्या अडविल्या. आपला कचरा आपणच निस्तरावा, ही भूमिका त्या संघर्षातून पुढे आली. एप्रिल २००० पासून कचरा गोळा करण्याचे काम टोकियोच्या तेवीस विशेष प्रभागांकडे सोपविण्यात आले.

आजची रीत अशी आहे. ज्या घरगुती वस्तूची एक बाजू साधारणपणे तीस सेंटिमीटरहून अधिक आहे, ती ‘सोदाइ गोमी’, म्हणजे अवजड कचरा, मानली जाते. ती नेहमीच्या कचऱ्याबरोबर ठेवता येत नाही. रहिवाशाने दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून प्रभागाच्या केंद्राकडे नोंदणी करावयाची. वस्तू कोणती व केवढी हे सांगितल्यावर तिचे शुल्क, नेण्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक कळविला जातो. दोनशे आणि तीनशे येनच्या चिठ्ठ्या जवळच्या दुकानात मिळतात. शुल्काइतक्या चिठ्ठ्या विकत घ्यावयाच्या, त्यांवर नाव किंवा क्रमांक लिहून त्या वस्तूवर चिकटवावयाच्या आणि ठरलेल्या दिवशी सकाळी आठपर्यंत वस्तू ठरलेल्या जागी आणून ठेवावयाची. कर्मचारी सहसा घरात शिरत नाहीत. मात्र एकटे राहणारे वृद्ध किंवा अपंग यांच्यासाठी वस्तू घरातून बाहेर काढून देण्याची सोय अनेक प्रभागांनी केली आहे. आपल्याकडे चौथ्या मजल्यावरून कपाट उतरविताना लागणारे मनुष्यबळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सोयीचे मोल कळेल.

त्या चिठ्ठीचे काम केवळ पैसे वसूल करण्याचे नाही. तिच्यामुळे वस्तूला धनी, तारीख आणि ठिकाण मिळते. चिठ्ठी नसलेली वस्तू रस्त्यावर दिसली तर ती बेवारस टाकलेली आहे हे पाहताक्षणी समजते. किती गाड्या कोणत्या भागात पाठवावयाच्या हे आदल्या दिवशीच ठरते. वर्षअखेरीच्या घरझाडणीला आणि मार्चच्या सुमारास घरे बदलण्याच्या हंगामात नोंदणी वाढते, हेही आधीपासून ठाऊक असते. गोळा झालेल्या वस्तू समुद्रातील भरावावरील केंद्रात नेऊन तेथे मोठ्या यंत्रांनी त्यांचे तुकडे करतात. त्यांतील लोखंड चुंबकाने वेगळे केले जाते आणि जळण्यासारखा भाग भट्टीकडे जातो.

या पद्धतीला उणी बाजू नाही असे नव्हे. शुल्क आले की ते चुकविण्याचा मोह येतो. जपानच्या १९७० च्या कचरा विल्हेवाट कायद्यान्वये बेकायदा कचरा टाकणाऱ्यास आज पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही आडरस्त्याला वस्तू सापडतात. शिवाय ‘फुकट नेतो’ असे ध्वनिक्षेपकावरून ओरडत फिरणाऱ्या विनापरवाना गाड्या असतात व त्यांना वस्तू देऊ नयेत असे तेथील शासनाला वारंवार सांगावे लागते. जर्मनीतील काही नगरांत याउलट ही सेवा ठराविक मर्यादेत कराच्या रकमेतच मिळते. तेथे वस्तू आदल्या संध्याकाळी बाहेर येत आणि रात्री लोक हिंडून उपयोगाच्या खुर्च्या, टेबले निवडून नेत. विद्यार्थ्यांच्या खोल्या सजविण्याचा तो एक परिचित मार्ग होता.

विजेवर चालणाऱ्या वस्तू वेगळ्या

टोकियोच्या अवजड कचऱ्यात शीतकपाट, धुलाई यंत्र, दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्र घेतले जात नाही. त्यासाठी जपानमध्ये १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला व एप्रिल २००१ पासून तो अमलात आला. वापरणाऱ्याने शुल्क द्यावयाचे, विक्रेत्याने वस्तू परत घ्यावयाची आणि उत्पादकाने तिच्यातील द्रव्ये सोडवावयाची, अशी ती वाटणी आहे. भारतातही ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले व त्यांत उत्पादकावर अशीच जबाबदारी टाकण्यात आली.

ग्रामपंचायतीच्या सदस्यास हा भेद अनावश्यक बारकावा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. शीतकपाटाच्या नळ्यांत दाबाखालील वायू असतो. जुन्या कपाटांतील वायू ओझोनच्या थराला घातक आहेत. तांब्याच्या लोभाने नळी छाटली की वायू एका क्षणात निघून जातो आणि तेल जमिनीत मुरते. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या जाड काचेत शिसे असते. म्हणून अशी वस्तू न फोडता, अखंड स्थितीत अधिकृत पुनर्चक्रण केंद्रापर्यंत पोचविणे महत्त्वाचे ठरते. भंगारवाल्याला ही वस्तू हवी असते, पण तिच्यातील काही भागच. उरलेला भाग मागेच राहतो.

नाला, डास आणि आग

अडगळ बेवारस पडली तर काय होते? मोरीच्या तोंडाशी अडकलेली एक गादी पाणी शोषून जड होते. तिला प्लास्टिकच्या पिशव्या व पालापाचोळा अडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कोणत्याही नाल्याच्या आवाक्याबाहेरचा होता. पण नाले मोकळे असणे म्हणजे काय, याची जाणीव त्या दिवसाने सर्वांना दिली.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. उलट्या पडलेल्या शीतकपाटाच्या खळग्यात, धुलाई यंत्राच्या टबात किंवा फुटक्या बेसिनमध्ये साठलेले पावसाचे पाणी त्याला पुरते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. अंडी कोरड्या जागीही कित्येक महिने तग धरतात, म्हणून उन्हाळ्यात निरुपद्रवी दिसणारी वस्तू पावसात पुन्हा धोक्याची होते. आठवड्याचा कोरडा दिवस पाळणाऱ्या घराच्या मागेच अशी अडगळ असेल तर त्या श्रमाचा उपयोग उरत नाही.

तिसरा धोका आगीचा. पेटविली की कटकट मिटते, अशी समजूत आढळते. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. अशी आग वस्तीजवळ लावू देणे हा सौम्यपणा ठरत नाही.

येथे काय जमण्यासारखे आहे

टोकियोची नक्कल करण्याची आवश्यकता नाही. तेथे जे यंत्र करते, ते आपल्याकडे अनेक हात करतात आणि त्या हातांची पोटे त्यावर चालतात. पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून काम करीत आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास आरंभ केला. जुने फर्निचर, गाद्या, कपडे, ई-कचरा अशा वस्तू ठरलेल्या दिवशी वस्तीत जाऊन गोळा करण्याची मोहीमही ही संस्था राबविते. वस्तूची पारख असणारी माणसे यात असल्यामुळे दुरुस्त होण्यासारखी खुर्ची तुकड्यांत जात नाही.

तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या ग्रामपंचायतीत वर्षातून दोन दिवस पुरेसे आहेत : एक मे महिन्यात, पावसापूर्वी, दुसरा दिवाळीच्या घरझाडणीनंतर. आठ दिवस आधी दवंडी द्यावी व घरटी नोंद घ्यावी, म्हणजे ट्रॅक्टरच्या किती खेपा होतील ते कळेल. नोंदीविना नुसता दिवस जाहीर केल्यास बांधकामाचा राडारोडा आणि गोठ्यातील केर यांचाच ढीग होईल. सकाळी वस्तू ठरलेल्या चौकात याव्यात. दुपारपर्यंत ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, भंगारवाल्यानेही न्यावे. ग्रामपंचायतीने लोखंडासाठी त्याच्याशी स्पर्धा करू नये. दुपारनंतर उरेल तेच ट्रॅक्टरमध्ये भरावे. रात्रीपर्यंत चौक मोकळा झाला पाहिजे, कारण एक गादी रात्रभर राहिली की सकाळी तेथे पाच होतात.

उरलेल्या मालासाठी छपराची जागा लागते; उघड्यावर ठेवल्यास डासांचा प्रश्न केवळ जागा बदलतो. गाद्या फाडून स्प्रिंगा भंगारात, फोम वेगळा आणि कापड वेगळे करता येते. फोमचे तुकडे दाबून पुन्हा गाद्या बनविणारा उद्योग देशात आहे, परंतु त्याला तो कोरडा हवा असतो. फुगलेल्या फळ्या सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाऊ शकतात. एकट्या गावाचा माल त्यासाठी अपुरा पडतो, म्हणून अनेक गावांनी तालुक्याला एक ठिकाण करणे सोयीचे.

खर्चाचा प्रश्न टाळता येणार नाही. ज्या वस्तूला किंमत आहे ती भंगारवाल्याने नेली, तर ग्रामपंचायतीच्या वाट्याला केवळ खर्चाची वस्तू उरते. गादीमागे थोडे शुल्क घ्यावे की तो भार स्वच्छतेच्या करातून उचलावा, हे ग्रामसभेने ठरवावे. मात्र शुल्क घ्यावयाचे तर ते गादी नाल्यापर्यंत नेण्याच्या रिक्षाभाड्याहून कमी असले पाहिजे.

आरंभ कोठून करावा, याचे उत्तर बहुधा कार्यालयाच्या व्हरांड्यातच सापडेल. तीन पायांच्या खुर्च्या, दार नसलेली कपाटे आणि शाळेच्या मागे रचलेली मोडकी बाके वर्षानुवर्षे जागा अडवून असतात. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ती जिवंत असतात आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी पाठविलेला नसतो. मे महिन्याच्या पहिल्या अडगळ-दिवसापूर्वी तो प्रस्ताव मंजूर करून घेतला, तर चौकात पहिली वस्तू ग्रामपंचायतीचीच ठेवता येईल. निर्लेखनास लागणारा वेळ ध्यानी घेता, ते काम जानेवारीत सुरू करणे इष्ट.