शिआनच्या सहलीला निघताना

सांगली, 8 ऑक्टोबर

चि. मृण्मयीस,


सहलीचा कार्यक्रम ताईनं फोनवर वाचून दाखवला. दोन दिवसांत नऊ ठिकाणं म्हणजे शिआन बघणं नव्हे, शिआनला हजेरी लावणं झालं. तरी जरूर जा. राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळलात, हे बरं केलंत; त्या दिवसांत तिथं मुंगीला शिरायला वाव नसतो. पासपोर्ट जवळ ठेव वगैरे मी सांगायला नको. चीनमध्ये राहून डॉक्टरकी शिकतेस, त्या बाबतीत तू माझ्यापेक्षा जाणती आहेस. मला सांगायचंय ते बघायचं कसं, एवढंच.

शाळेत युआन श्वांग होता, आठवतो? परीक्षेपुरता, दोन ओळींचा. तो चिनी भिक्षू भारतात हिंडून 645 साली याच शहरात परतला, तेव्हाच्या चांगआनमध्ये, 657 ग्रंथ घेऊन. वाटेत दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. त्यानं काय टिपून ठेवलं बघ: जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसं साधी, प्रामाणिक, पण मानी. उपकार केला तर विसरत नाहीत, अपमान केला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, आणि घेण्याआधी समोरच्याला तसं कळवतातही! चौदाशे वर्षांपूर्वी एका परक्यानं आपल्याला इतकं निरखलं, गुणही सांगितले आणि खोडही. आता तू त्याच्या मुलखात आहेस, तर तशी नजर ठेव.

लिंतोंगला मातीची फौज बघायला न्यालच. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ती सापडली. पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी सगळे हात उंचावून फोटो काढतील. तूही एक काढ आणि मागच्या टोकाला जा. फुटक्या सैनिकांचे तुकडे जुळवण्याचं काम तिथं चालतं. कुणाला मुंडकं नाही, कुणाचा हात अजून सापडायचाय. उद्या हाडं जुळवणाऱ्या मुलीनं हे बघायलाच हवं. मग काचेच्या पेटीतला गुडघा टेकलेला धनुर्धारी शोध आणि मागच्या बाजूनं वाकून त्याच्या जोड्याचा तळवा बघ. टाके दिसतील, टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. पुरून टाकायच्या मूर्तीच्या तळव्यावर कुणा कारागिरानं बावीसशे वर्षांपूर्वी ही मेहनत घेतली. घाईनं पुढं सरकणाऱ्याला ती दिसत नाही.

ही फौज ज्याच्यासाठी घडवली, त्या सम्राट चिन शी हुआंगची मुख्य समाधी मात्र अजून उघडलेली नाही. सैनिकांवर मुळात रंग होते. मातीबाहेर काढताच ते सुकून पोपडे होऊन गळाले. उघडता येतं म्हणून लगेच उघडायचं नसतं, हा धडा तिथं मिळतो. डॉक्टरकीत तो तुला जन्मभर पुरेल.

संध्याकाळी मुस्लिम वस्तीत जेवाल. यांगरौ पाओमो मागवलंत तर रिकामा वाडगा आणि कडक भाकरी हातात येईल. तुकडे आपणच करायचे, अगदी बारीक. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. कंटाळून मोठे तुकडे केलेस तर रस्सा आत मुरत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा कसे करतात ते बघ, तुझ्या चिनीत त्यांना विचार. गाइड सांगणार नाही ते त्यांच्याकडून कळेल. मटण न खाणाऱ्या मैत्रिणींना लिआंगपी, म्हणजे थंड नूडल्स, खाऊ दे. नाक मात्र कुणीच मुरडायचं नाही; मराठीत ‘शी’ म्हटलं तरी चेहरा सगळ्यांना कळतो. तिथल्या जुन्या मशिदीत गेलात तर आवाज खाली ठेवा. आपण घोळक्यानं हिंडतो तेव्हा आपण किती मोठ्यानं बोलतोय, याचं भान सुटतं.

नऊतली दोन-तीन ठिकाणं सुटली तर सुटू दे. शहराच्या तटावर सायकली भाड्यानं मिळतात, पण पुरता फेरा पावणेचौदा किलोमीटरचा. वेळ नसेल तर दक्षिण दरवाज्यापाशी थोडं चाल आणि उतर. मोठ्या हंस पॅगोड्याला मात्र काट मारू नकोस. युआन श्वांगनं आणलेले ग्रंथ ठेवायला तो 652 साली उभारला. पुढं डागडुजी, फेरबांधणी झाली. आज त्याचे सात मजले आहेत. समोर युआन श्वांगचा पुतळा आहे. हा माणूस आपल्याकडं येऊन गेला होता, हे बरोबरच्या चिनी मुलांना सांग. त्याचा महाराष्ट्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल.

परतल्यावर मला दोन पानं लिही. ठिकाणांची यादी नको, ती इंटरनेटवर आहे. तिथल्या शेतात काय उभं होतं, माणसं कशानं खूश होतात, कशाचा अभिमान बाळगतात, ते लिही. तुला काय खटकलं तेही लिही, भीड न धरता. पण ते लिहिण्याआधी निदान एकाशी तरी नीट बोललेली अस.

तब्येतीला जप.

तुझा,
भाऊमामा